नव्या गिलाव्याच्या भिंतीला रंग देताना

नवा गिलावा हाताला कोरडा लागला म्हणजे भिंत कोरडी झाली, असे समजू नये. वरचा पापुद्रा वाळलेला असतो, पण आतल्या विटांनी आणि मसाल्याने प्यालेले पाणी पुढे कित्येक आठवडे हळूहळू बाहेर येत राहते. नव्या घराच्या रंगकामात होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच गैरसमजातून होतात.

हे मी आमच्याच घराच्या अनुभवावरून लिहीत आहे. नाशिकमध्ये इंदिरानगरच्या आमच्या घरावर आम्ही वरच्या मजल्याची एक खोली चढवली. गिलावा एप्रिलच्या सुरुवातीला झाला आणि अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करायची म्हणून तीन आठवड्यांच्या आत पुट्टी, प्राइमर आणि रंगाचे दोन हात उरकले गेले. घाई आमची होती. रंगाऱ्याने "अजून थोडे दिवस थांबू या" असे एकदा सुचवले होते, पण आम्ही ते मनावर घेतले नाही. मे महिनाभर खोली सुरेख दिसली. श्रावणात मात्र पश्चिमेच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, पिठाची चिमूट टाकावी तसे पांढरे ठिपके उमटू लागले, मग रंगाला फुगवटे आले, आणि एका फुगवट्याखाली नख घातल्यावर रंग, प्राइमर आणि पुट्टी असे तिन्ही थर कांद्याच्या पातीसारखे एकत्र सुटून हातात आले. मागे उरलेला गिलावा काळपट, ओलसर आणि बोटाला गार लागत होता. ती भिंत आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण खरवडून पुन्हा करावी लागली.

असे का होते, हे एकदा समजून घेतले की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते तेव्हा त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपल्या ओळखीचा विरलेला चुना, तयार होतो. त्यामुळे ताजा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. त्याचा सामू 12 च्या वर असतो. तेलाचा अंश असलेला रंग अशा ओल्या, अल्कधर्मी भिंतीवर चढवला तर अल्क आणि तेल यांचा साबण बनतो, आणि रंग चिकट होऊन भिंतीला सोडतो. पाण्याच्या रंगांचे असे थेट साबण होत नाहीत, पण त्यांतली काही रंगद्रव्ये अल्कामुळे फिकी पडतात, आणि आतून बाहेर येणारी वाफ रंगाच्या थराला मागून ढकलत राहते ती वेगळीच. शिवाय विटा, वाळू आणि सिमेंट यांत विरघळणारे क्षार असतात. बाहेर येणारे पाणी ते बरोबर घेऊन येते, पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. त्यालाच आपण खार फुटला किंवा लोणा लागला म्हणतो. काळ गेला की दोन गोष्टी घडतात: पाणी उडते, आणि हवेतला कार्बन डाय ऑक्साइड त्या चुन्याचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रूपांतर करतो, त्यामुळे पृष्ठभागाचा अल्कधर्मीपणा उतरतो. थांबण्याचा काळ म्हणजे वाया गेलेला काळ नव्हे. त्या काळात भिंतीचे काम चालूच असते.

हा अल्कधर्मीपणा डोळ्यांनी पाहायचा असेल तर स्वयंपाकघरातली हळद पुरते. पाण्यात कालवलेल्या हळदीत टिपकागदाची पट्टी बुडवून वाळवावी. भिंतीच्या एका कोपऱ्यावर पाण्याचे दोन थेंब लावून त्यावर ती पट्टी अर्धा मिनिट दाबून धरावी. गिलावा ताजा असेल तर पिवळी पट्टी पाहता पाहता कुंकवासारखी लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलीच ही क्रिया. मात्र एवढ्यावरून रंगाचा दिवस ठरवू नये, कारण सिमेंटची भिंत कित्येक महिने थोडीफार लाली दाखवतच राहते. सिमेंटच्या भिंतीला अल्करोधक प्राइमर का लावायचा, याचे उत्तर मात्र ही पट्टी देते.

किती दिवस थांबावे

गिलावा झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून किमान 7 दिवस, आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात शक्यतो 10 दिवस, भिंतीला पाणी मारावे. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा तरी मारावे लागते. पाणी कमी पडलेला गिलावा पुढे भुकटीसारखा सुटतो आणि त्यावर पुट्टी कितीही चांगली लावली तरी ती धरत नाही, म्हणून लवकर वाळावे या हेतूने पाणी मारणे कमी करणे ही खोटी बचत आहे. पाणी थांबवल्यानंतर खिडक्या-दारे उघडी ठेवून भिंत वाळू द्यावी. गिलावा झाल्या दिवसापासून 28 दिवस हा सांगितला जाणारा कमीत कमी काळ आहे, पण तो हवा चांगली असतानाचा. आतला गिलावा साधारण 12 ते 15 मिलिमीटर जाड असतो, बाहेरचा दोन थरांत मिळून 20 मिलिमीटरच्या आसपास, आणि मधल्या विटाही पाण्याने भरलेल्या असतात. म्हणून माझ्या मते नाशिकमध्ये उन्हाळ्यात सहा आठवडे, थंडीत दोन महिने, आणि पावसाळ्यात गिलावा झाला असेल तर दसऱ्यापर्यंत थांबणे योग्य.

आपल्याकडे या कामाला दोन हंगाम चांगले. एक ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंतचा, पाऊस संपल्यानंतरचा. दुसरा फेब्रुवारी ते मे हा. जून ते सप्टेंबर या काळात हवेतच ओल इतकी असते की भिंतीतले पाणी बाहेर पडायला वाव राहत नाही, आणि पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस बाहेरून भर घालत राहतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला तर हे दुपटीने खरे. डिसेंबर-जानेवारीत वेगळी अडचण येते. नाशिकचा पारा पहाटे 10 अंशांच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली, आणि इतक्या थंडीत इमल्शन रंगाचा पापुद्रा नीट जुळून येत नाही. त्या दिवसांत काम सकाळी दहानंतर सुरू करून दुपारी चारच्या सुमारास थांबवावे, म्हणजे रात्रीच्या गारव्यापूर्वी रंग वाळतो.

दिवस मोजण्यापेक्षा भिंतीलाच विचारणे अधिक भरवशाचे. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा घेऊन चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद चिकटवावा आणि रात्रभर, निदान सोळा तास, तसाच ठेवावा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव साचलेले दिसले किंवा तेवढाच चौकोन बाजूच्या भिंतीपेक्षा गडद झाला असेल, तर भिंत अजून ओली आहे. ही परीक्षा एकाच ठिकाणी करून भागत नाही. जमिनीलगत, खिडकीच्या खाली, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर अशी चार ठिकाणी करावी. आमच्या खोलीत दुसऱ्या वेळी पूर्वेच्या भिंतीने पहिल्याच परीक्षेत होकार दिला, आणि पश्चिमेच्या भिंतीने आणखी सोळा दिवस घेतले.

एखाद्या ठिकाणची ओल आठवड्यामागून आठवडे तशीच राहत असेल, तर ती गिलाव्याची नाही. गच्चीची गळती, खिडकीच्या बाहेरचा उलटा उतार, न्हाणीघराच्या पाइपचा सांधा यांपैकी काहीतरी तिच्यामागे आहे. ते आधी दुरुस्त करावे. कोणताही महागडा रंग किंवा जलरोधक पुट्टी आतून लावून बाहेरून येणारे पाणी थांबत नाही.

वास्तुशांतीची तारीख ठरलेली असेल आणि भिंत तयार नसेल, तर भिंती करड्याच राहू द्याव्यात. स्वच्छ झाडलेल्या गिलाव्याच्या घरात, झेंडूची तोरणे लावून केलेली पूजा तितकीच मंगल होते. रंग दोन महिन्यांनी द्यावा. तात्पुरता चुना मारण्याचा मोह टाळावा, कारण पुढे पुट्टी लावताना तो चुना अंगुळभरही न ठेवता खरवडून काढावा लागतो.

भिंतीची तपासणी आणि डागडुजी

भिंत वाळते आहे तोवर ती तपासून घ्यावी. बोटाच्या सांध्याने किंवा लाकडी दांड्याने हातभर अंतरावर ठोकत जावे. चांगला गिलावा भरीव आवाज देतो. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे त्याने विटेला सोडलेले असते. तळहाताएवढा पोकळ भाग कोपऱ्यात असेल तर चालून जाते, पण मोठा पट्टा असेल तर गवंड्याकडून तेवढा भाग तोडून नव्याने करून घ्यावा आणि त्या तुकड्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. हे गवंडी साइटवर असतानाच सांगावे. तो दुसऱ्या कामावर गेला की एवढ्याशा कामासाठी परत येणे त्याला परवडत नाही.

केसासारख्या बारीक भेगा पुट्टीखाली बुजतात. त्याहून रुंद भेग पत्र्याच्या (पुट्टी ओढायच्या पातीच्या) टोकाने इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडून, धूळ झाडून, भेगा भरण्याच्या तयार मसाल्याने भरावी. काँक्रीटचा कॉलम आणि वीट किंवा सिमेंटचे हलके ब्लॉक जिथे मिळतात त्या सांध्यावर उभी सरळ भेग पडली असेल, तर गिलाव्याखाली कोंबडीजाळी टाकलेली नाही असा बहुधा अर्थ होतो. अशी भेग नुसती भरून राहत नाही. ती भरून तिच्यावर फायबरच्या जाळीची पट्टी बसवावी लागते. वायरिंगच्या झिऱ्या (वायरींसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) आणि बोर्डांचे डबे यांच्या कडाही याच वेळी पाहाव्यात. इलेक्ट्रिशियन घाईत डबे पीओपीने पक्के करतात. बाहेरच्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीत हे पीओपी पाणी धरून मऊ पडते, म्हणून तिथे सिमेंटचाच मसाला वापरायला सांगावे.

खार दिसला तर तो कोरड्या, राठ ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुऊ नये, कारण धुतलेला क्षार त्याच पाण्याबरोबर पुन्हा भिंतीत जातो. झाडल्यावर आठवडाभर वाट पाहावी. पुन्हा फुटला तर पुन्हा झाडावा. खार येणे थांबले की भिंतीतले पाणी सरत आले, असे धरायला हरकत नाही.

भिंत जिप्समच्या गिलाव्याची असेल तर वरचे बरेच नियम बदलतात, आणि नव्या इमारतींमध्ये आता हा गिलावा सर्रास दिसतो. जिप्सम सिमेंटसारखे अल्कधर्मी नसते, त्याला पाणी मारायचे नसते, उलट पाणी मारल्यास ते बिघडते, आणि हवेशीर खोलीत ते सिमेंटपेक्षा बरेच लवकर वाळते. त्याचा पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत असल्याने सिमेंटच्या पुट्टीची गरज नसते; हलका पॉलिश पेपर फिरवून प्राइमर लावला की पुरते. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती हा तिसरा प्रकार. त्यांना श्वास घेऊ द्यावा लागतो. त्यांच्यावर सिमेंटची पुट्टी आणि चकचकीत रंग न चढवता चुन्याचाच हात द्यावा.

पुट्टी

रंगकामाचा दर्जा पुट्टीतच ठरतो, म्हणून इथे वेळ आणि मजुरी दोन्ही मोकळ्या हाताने द्यावीत. प्रथम पूर्ण भिंतीवर जाड्या पॉलिश पेपरने किंवा घासदगडाने हात फिरवून वाळूचे सुटे कण, मसाल्याचे थेंब आणि उंचवटे काढावेत, मग कुंच्याने धूळ झाडावी. खडूची भुकटी आणि तेल कालवून केलेली जुन्या पद्धतीची लांबी नव्या सिमेंटवर अजिबात नको. त्या तेलाचाच वर सांगितलेला साबण होतो. पांढऱ्या सिमेंटची तयार पुट्टी घ्यावी.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल: इतके दिवस भिंत वाळवल्यावर, सिमेंटची पुट्टी लावण्यापूर्वी तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा असतो. कोरडाठाक गिलावा पुट्टीतले पाणी तत्काळ शोषून घेतो, तिच्यातल्या सिमेंटला घट्ट व्हायला पाणी उरत नाही, आणि मग हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. फवाऱ्याचे पाणी वरच्यावर असते, एकदोन दिवसांत उडून जाते. भिंतीच्या पोटातल्या ओलीशी त्याचा संबंध नाही. पृष्ठभाग दमट व्हावा, पाणी ओघळू नये.

पुट्टी कालवताना पिशवीवर छापलेले पाण्याचे प्रमाण पाळावे. ते सहसा एका किलोला 350 ते 400 मिलिलिटरच्या दरम्यान असते. गुठळी राहणार नाही अशी कालवून दहा मिनिटे ठेवावी आणि पुन्हा घोटावी. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवावी, आणि घट्ट होऊ लागलेल्या पुट्टीत पाणी टाकून ती पुन्हा सैल करू नये. घमेल्यातली उरलेली पुट्टी पाणी घालून "चालवून घेणे" हे कामावर रोज दिसते, आणि त्या पट्ट्याचे पोपडे वर्षभरात दिसतात. पहिला हात पत्र्याने खालून वर ओढत लावावा, तो वाळल्यावर दुसरा हात द्यावा, आणि दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. भिंतीचा बाक पुट्टीने भरून काढायचा नसतो. ते काम गिलाव्याचे होते.

पुट्टी एक रात्र वाळल्यावर 180 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी. खोली बंद करून, खिडकीचा उजेड झाकून, पेटलेला बल्ब वायरने भिंतीच्या अगदी लगत, तिरका धरावा. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर पत्र्याच्या प्रत्येक ओढीची कड, प्रत्येक खळगा सावलीसह उठून दिसतो. त्या जागी पेन्सिलीने हलकी खूण करून तेवढेच भरावे आणि घासावे. घासताना उडणारी पूड फार बारीक असते. घासणाऱ्याने एन-95 मास्क लावावा, नुसता रुमाल पुरत नाही, आणि लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे. फरशी बसलेली असेल तर जाड प्लास्टिक अंथरावे, कारण वाळलेली पुट्टी कोटाच्या लादीवरून काढताना लादीला ओरखडे पडतात.

प्राइमर आणि रंग

पूड ओलसर फडक्याने हलकेच टिपून घेतल्यावर पाण्याचा, अल्करोधक, भिंतीसाठीचा प्राइमर एक हात द्यावा. पातळ किती करायचा ते डब्यावर लिहिलेले असते आणि तेच खरे. पुट्टी छान पांढरी झाली म्हणून प्राइमर वगळणारे लोक आहेत. मग रंग कुठे जास्त शोषला जातो, कुठे कमी, आणि भिंत ठिगळांची दिसते. प्राइमर रात्रभर वाळू द्यावा. त्याच्यावर उरलेसुरले खळगे स्पष्ट दिसतात. ते अॅक्रिलिक पुट्टीने भरून, घासून, तेवढ्या जागेवर पुन्हा प्राइमर लावावा.

रंग निवडताना पहिल्या वर्षापुरता माझा आग्रह साध्या, बिनचकाकीच्या रंगाचा आणि फिक्या छटेचा आहे. मॅट इमल्शन किंवा चांगले अॅक्रिलिक डिस्टेंपर भिंतीतली उरलीसुरली वाफ बाहेर जाऊ देते, चकाकीचे रंग ती बरीच अडवतात. आणि गडद निळ्या किंवा मरून भिंतीवर खाराचा एक ठिपकाही दुरून दिसतो. वॉलपेपर, टेक्स्चर आणि चकाकणारी एक "खास" भिंत यांचा विचार एक पावसाळा पाहून मग करावा. दारे-खिडक्यांसाठी घरात पडलेला जुना ऑइल पेंटचा डबा वापरू नये. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) करणारे नियम 2016 साली निघाले, त्यापूर्वीच्या डब्यात किती शिसे असेल हे सांगता येत नाही.

हिशेबासाठी एक उदाहरण पुरेल. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर चार भिंती 440 चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा जाता साधारण 400, आणि वर छताचे 120. पुट्टीचे दोन हात धरले तर एक किलोत ढोबळ 10 ते 15 चौरस फूट होतात, म्हणजे या खोलीला 40 किलोची एक पिशवी आणि थोडी वर लागेल. प्राइमर आणि रंग यांचा पसारा कंपनीगणिक आणि प्रकारागणिक फार वेगळा असतो, तो डब्यावर पाहावा आणि दहावा हिस्सा जास्त धरावा. छटा मशीनवर तयार करून घेत असाल तर सगळे डबे एकाच वेळी घ्यावेत आणि एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळावेत. दोन वेगळ्या दिवशी केलेल्या डब्यांची छटा भिंतीच्या मधोमध जुळत नाही, आणि ते दुरुस्त करायला पूर्ण भिंतच पुन्हा रंगवावी लागते.

क्रम छत, मग भिंती, शेवटी दारे-खिडक्या असा ठेवावा. रंग पातळ फडक्यातून गाळून घ्यावा. आधी कोपरे, छताची कड आणि बोर्डांच्या भोवती ब्रशने दोन-तीन इंचांची पट्टी काढावी आणि ती ओली आहे तोवरच रोलर तिच्यात मिसळावा, नाहीतर चौकटीसारखी कड राहते. एक भिंत एका दमात संपवावी. मध्येच जेवायला उठायचे असेल तर कोपऱ्यापर्यंत जाऊन उठावे. दोन हातांमध्ये किमान चार तास, दमट हवेत त्याहून जास्त अंतर ठेवावे. मे महिन्यात दुपारचे ऊन थेट येणारी भिंत सकाळीच उरकावी. तापलेल्या भिंतीवर रोलरचे पट्टे उमटतात.

रंग काही तासांत हाताला वाळतो, पण त्याचा पापुद्रा पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर भिंत पुसू नये, धुऊ नये. कपाटे आणि पलंग पहिला पावसाळा भिंतीपासून चार बोटे लांब ठेवावेत, विशेषतः पश्चिमेच्या बाजूला, म्हणजे मागून हवा खेळती राहते. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून झाकणावर छटेचा क्रमांक, खोलीचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी.